भागुबाईनं न सोडलेला चेंडू

मी चेंडू बोलतोय. लगेच नाकं मुरडू नका. गोल नाही म्हणजे चेंडूच नाही, असं म्हणणारे तुम्ही काही पहिले नाही. वरकुट्यात मला भोपळा म्हणून झालं, पपई म्हणून झालं, आणि शकुबाईच्या एका खुडूक कोंबडीनं तर मला आपलंच समजून दुपारभर उबवलं. माझ्यावर खरी माया काय ती त्या कोंबडीनं केली, असं मी कैक दिवस म्हणायचो. पुढं ते खोटं ठरलं. कसं, तेच सांगायला बसलोय.

जन्म माझा पंजाबातला. एका कारागिरानं मला मांडीवर घेऊन शिवलं आणि शेवटचा टाका पडल्याबरोबर उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकलं. तीच माझ्या नशिबाची रीत पडली. माझा खेळ रगबीचा. त्यात मी ज्याच्या हातात येईन त्याच्यावर सगळे रेडे सुटल्यासारखे धावून येतात. मग तो बिचारा घाईघाईनं मला दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, दुसरा तिसऱ्याच्या. नकोशा पाहुण्यासारखा मी ह्या दारातून त्या दारात. नीट जवळ धरलंय असं कुणी नाही.

मला वरकुट्याला आणलं बुद्धघोषनं. हा भागुबाईचा नातू, पलटणीत शिपाई. पत्र्याच्या पेटीत, बुटांच्या शेजारी घालून आणलं. बुटांचा वास आणि एसटीचे दणके, इंदापूर येईस्तोवर माझी अर्धी हवा गेली होती. साल नव्व्याण्णव, उन्हाळ्याचे दिवस, मळ्यामळ्यात कलिंगडं काढणीला आलेली.

पेटी उघडली भागुबाईनं.

"आगं बया! कच्चीच तोडली व्हय रं पपई?"

"आजे, चेंडू हाय त्यो."

"चेंडू? मंग दोन्ही अंगानं चेपलाय कुणी?"

"तसाच असतोय."

"तसाच असतोय म्हणं! दुकानदारानं फशिवलं तुला. बदलून आण जा."

भागुबाई अशी. शाळेच्या दारावरून गेली ती शेण गोळा करायला. तोंडानं फाटकी, पण हातानं घट्ट. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तिथं हातात पडलेली भाकर क्षणभर जरी खाली ठेवली तरी पुन्हा दिसायची नाही. तेव्हापासून तिनं घराला एकच कायदा केला: हातात आलं ते सोडायचं नाही. नातू लहानपणापासून तिच्याच पदराखाली वाढला, म्हणून त्याला हा कायदा भाकरीबरोबरच चारला गेला. भाकर घट्ट धर, पाटी घट्ट धर, बाजारात माझा पदर घट्ट धर. पोरगं धरत गेलं. पलटणीत गेलं तेव्हा त्याची मूठ उघडायला दोन माणसं लागायची.

आता ह्या मुठीचं आणि माझं कसं बिनसलं ते ऐका.

त्या वर्षी आपल्या देशाची एक रगबीची टीम होती. हरण्यात इतकी तरबेज, की चुकून जिंकली असती तर घरी जाऊन सांगायचं काय, असा पोरांना पेच पडला असता. टीममध्ये धडका देणारे होते, वाऱ्यासारखे पळणारे होते. नव्हता तो दहा नंबर. दहा नंबरवाला मधे उभा राहतो. घोळक्यातून मी निघालो की पहिला त्याच्याकडं येतो, आणि मला डावीकडं द्यायचं, उजवीकडं द्यायचं, का लाथ मारून लांब धाडायचं, हे तो ठरवतो. सगळा खेळ त्याच्या हातानं चालतो. त्या एका जागेसाठी निवडणाऱ्यांत वर्षभर भांडणं चालली होती आणि शेवटी दोनच नावं उरली होती. एक कलकत्त्याकडचा कुणी पोरगा. दुसरा आमचा बुद्धघोष.

त्याला ती जागा इतकी हवी होती, की तो झोपेतसुद्धा हात पुढं करायचा. हे त्यानं फक्त आजीला सांगितलं. आणि भागुबाईला सांगणं म्हणजे गिरणीच्या भोंग्यालाच सांगणं.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीपुढच्या कट्ट्यावर मला मधोमध ठेवलं गेलं आणि देशाचा दहा नंबर कोण असावा यावर वरकुट्याची बैठक बसली. कुणी हा खेळ डोळ्यानं पाहिला नव्हता. त्यामुळं बोलायला कुणालाच अडचण पडली नाही.

रावजी तात्या पुढं सरसावले. हे कलिंगडाचे बागाईतदार, तरुणपणी कबड्डीत गाजलेले. गुडघे गेले, पण मांडी थोपटायची सवय गेली नव्हती.

"आदी कायदा सांग," ते बुद्धघोषला म्हणाले.

"तात्या, चेंडू घिऊन पुढं पळायचं. पण दुसऱ्याला द्यायचा तर मागंच द्यायचा. पुढं फेकला की चूक."

"मागं द्यायचं, आन तरी पुढं जायचं?"

"व्हय."

"हे तर सोसायटीच्या विलेक्शनवाणी झालं की! मंग आपला देश हरतोच कसा?"

कट्टा हसून आडवा झाला. तात्यांनी निकाल दिला, की दहा नंबर अंगानं दांडगा पाहिजे, एका धडकेत समोरचा विहिरीत.

"दांडगा कशाला?" शकुबाई दळणाच्या डब्यावरून बोलली. ही भागुबाईची शेजारीण, त्या कोंबडीची मालकीण. "दांडगे गाडीभर हायत म्हणतोय की त्यो. पंगतीत वाढपी कसा असतोय? भाजी कुणाच्या पत्रावळीवर न्हाय, ते त्याला लांबनं दिसतं. तसला माणूस बघा."

"वाढप्याला देशाच्या टीममदी घ्यायचं?"

"न्हायतर तुमी जावा, गुडघे घिऊन."

गोकुळ हा तात्यांचा मुलगा, बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. रोज मोटरसायकलवर जाणारा, म्हणून जगाची खबर त्याच्याकडं. तो म्हणाला, "दहा नंबर म्हंजे आमचा शिफ्टचा सुपरवायझर. स्वतः काय करत न्हाय, निसता हात दावतो."

"मंग त्यो हरणारच," तात्या म्हणाले.

ज्यानं त्यानं आपल्या धंद्यातला माणूस देशाला देऊन टाकला. भागुबाई मात्र एका शब्दावर ठाम होती.

"माझा नातू हाय. बास. त्याच्या हातातनं आजपतुर काय सुटलं न्हाय."

बुद्धघोष खाली मान घालून बसला. मला त्याचं मन ठाऊक होतं, कारण मी त्याच्याच हातात राहिलेलो. त्याच्या हातातून खरंच काही सुटत नव्हतं. मीसुद्धा. दोन्ही बाजूंना गडी मोकळे उभे असायचे, "दे, दे" म्हणून घसा फोडायचे, आणि हा मला छातीशी धरून सगळ्यांच्या खाली गाडला जायचा. पलटणीतल्या उस्तादानं किती वेळा शिव्या घातल्या होत्या. तुम्ही म्हणाल, धरत होता तर तुला बरंच की. कसलं बरं! तो धरायचा ती भीतीची पकड होती. जीव गुदमरायचा माझा.

चार दिवसांनी गोकुळ मोटरसायकल उडवत आला. ज्यांच्या हातात निवड होती त्यांतले एक साहेब, पलटणीतून निवृत्त झालेले, पुण्याहून बारामतीला लेकीकडं आले होते. त्यांचा जावई गोकुळच्याच कारखान्यात मोठा अधिकारी. गोकुळनं भीडभाड न ठेवता दोघांना आवतण देऊन टाकलं होतं. साहेब एकटेच येतो म्हणाले होते, सुट्टीवरचा पोरगा घरच्या मातीत कसा दिसतो ते बघायला.

"म्हंजे," तात्यांनी मांडी थोपटली, "पोरगा बघाय येत्यात!"

झालं. त्या एका वाक्यानं घात केला. बघायला येणं म्हणजे काय, हे सगळ्या गावाला पाठ होतं. भागुबाईच्या अंगणात सडा पडला. शकुबाईनं कांदापोहे टाकले. तात्या आपणहून मध्यस्थ झाले आणि फेटा बांधून बसले. बुद्धघोषला इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पाटावर बसवलं. मला तेल लावून पुसलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं, जणू मीच हुंड्यात मिळणार होतो.

"तात्या, माझ्या लग्नात कुणी पोहं केलं न्हवतं," भागुबाई कुजबुजली, "आन हितं ह्या पपईपायी करावं लागलं."

साहेब आले. पांढऱ्या मिशा, काळा गॉगल, स्वतःची जीप. पाटावरचा शिपाई बघून ते जरा चपापले, पण पोह्यांची ताटली हातात आल्यावर गप्प बसले.

"पोरगं गरीब सोभावाचं," तात्यांनी सुरुवात केली. "सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाय. वरल्या आवाजात बोलणं न्हाय."

"रगबीत जरा वरच्या आवाजातच बोलावं लागतं," साहेब म्हणाले.

"मंग बोलंल की! शिकवाल तसं बोलंल. बुद्धघोषा, चालून दाव जरा साहेबांना."

"तात्या!" बुद्धघोषचे कान लाल झाले.

"लाजतोय," शकुबाई आतून म्हणाली. "चांगलं लक्षण हाय."

बिचारा उठला आणि अंगणात इकडून तिकडं चालला. साहेब मिशीत हसत होते. तोवर सगळं बरं चाललं होतं. पण बघण्याच्या कार्यक्रमात घरच्या वडीलधाऱ्या बाईनं पोराचा एक खास गुण सांगायचा असतो. ते नाही केलं तर काहीतरी लपवलं म्हणतात. भागुबाईनं पदर सारखा केला आणि छाती काढून सांगितलं:

"साहेब, एक गोष्ट मी लिहून देते. आमच्या पोराच्या हातात आलेली वस्तू त्यो कुणाला म्हणून देत न्हाय. जीव गेला तरी न्हाय."

साहेबांचा चमचा ताटलीतच थांबला.

"कुणालाच नाही?"

"कुणालाच! म्या सोता शिकिवलंय."

साहेबांनी ताटली खाली ठेवली. गॉगल काढला. आवाज मऊच होता, पण मला तो टाचणीसारखा टोचला.

"आजी, हेच तर आमचं दुखणं आहे. आमच्या टीममध्ये सगळे धरणारेच आहेत. म्हणून आम्ही हरतो. मला देणारा हवाय. ह्याच्याबद्दल मला हीच शंका होती. तुम्ही खरं सांगितलंत, बरं झालं."

शकुबाईच्या पातेल्यातला चहा उतू गेला. बुद्धघोष अंगणात जिथं होता तिथंच थांबला. आणि भागुबाईनं पदराचं टोक तोंडात कोंबलं. आपल्याच तोंडानं आपण पोराची जागा घालवली, एवढं तिला समजलं होतं. का, ते समजलं नव्हतं.

तेवढ्यात तात्यांच्या मळ्यातून कर्कश हॉर्न वाजायला लागला. कलिंगडं भरायला आलेला ट्रक केव्हाचा उभा होता आणि भरणारी सगळी माणसं इथं पोहे खात होती. जीप काढावी म्हणून साहेब निघाले, तर मळ्याच्या वाटेवर पुढं ट्रक आडवा. भरल्याशिवाय हलणार नव्हता.

"बसा हो साहेब सावलीला," तात्या म्हणाले. "चला गं, चला रं! लागा रांगंला!"

कलिंगडं डोक्यावरून वाहत नाहीत. वावरापासून ट्रकपर्यंत माणसांची रांग लागते आणि ह्या हातातून त्या हातात फळ उडत जातं. रांग जिथं वळते तिथं एक माणूस उभा असतो. फळ हातात पडल्यापडल्या त्यानं वजन जोखायचं. मोठं असेल तर डावीकडं ट्रकवर, लहान असेल तर उजवीकडं बाजाराच्या ट्रॉलीत. त्या वळणावर वरकुट्यात वर्षानुवर्षं भागुबाईच उभी राहायची. त्या दिवशी तिच्यात त्राण नव्हतं. तिनं मला काखेत मारलं आणि नातवाला वळणावर ढकललं.

"हुबा ऱ्हा हितं. बघणं झालं, आता काम तरी कर."

पहिलं कलिंगड आलं. बुद्धघोषनं झेललं आणि, काय सांगू, लेकरासारखं छातीशी धरलं. मागोमाग दुसरं आलं ते पहिल्यावर आदळलं. फटकन दोन्ही फुटली. इस्त्रीचा पांढरा सदरा लालेलाल.

"सोड की रं मुडद्या!" भागुबाई ओरडली.

"आजे, तूच म्हणती सोडू नगं!"

"आरं, ती भाकरीची गोष्ट व्हती! भाकर आपल्यासाठी असती, ह्ये गाडीसाठी हाय! सगळी गाडी तुझ्या पोटात भरायचीय व्हय?"

रांग जिथल्या तिथं खाली बसली हसून. सावलीतल्या साहेबांच्या मिशासुद्धा हलल्या. पण बुद्धघोष हसला नाही. तो आजीकडं बघत राहिला. आजीनं घातलेला कायदा आजीनंच मोडला होता, चारचौघांत, घसा ताणून. मला वाटतं, त्याच वेळी त्याची मूठ आतून ढिली झाली.

"धाडा," तो म्हणाला.

आली कलिंगडं. आलं, दिलं. आलं, दिलं. आधी डोळ्यानं बघून, मग न बघता. डावं, डावं, उजवं, डावं. तात्या घाई करायला लागले, मुद्दाम आडवीतिडवी टाकायला लागले, तरी एक खाली पडलं नाही. घामानं आणि कलिंगडाच्या पाण्यानं निथळत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर भीती नव्हती.

भागुबाईनं हे बघितलं. मग हळूच साहेबांकडं बघितलं. मग मला काखेतून काढलं आणि कुणाला काही न सांगता रांगेत सोडून दिलं. शकुबाईनं मला तात्यांकडं टाकलं, तात्यांनी शिवी देऊन पुढं. मी बुद्धघोषच्या हातात पडलो. आता हा मला ओळखणार, आता हा मला आवळणार, म्हणून मी अंग चोरलं.

त्यानं ओळखलं. पण मी ना मोठं कलिंगड, ना लहान. डावीकडचा नाही, उजवीकडचाही नाही. त्यानं मान न वळवता मला सरळ मागं दिलं, जिथं जीपला टेकून साहेब उभे होते. मी त्यांच्या छातीवर जाऊन आदळलो. गॉगल एका कानावर लोंबायला लागला.

सगळी रांग थिजली. साहेबांनी मला उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. ट्रक निघाला, वाट मोकळी झाली. जाताना त्यांनी मला भागुबाईच्या हातात दिलं आणि एकच शब्द बोलले:

"कळवतो."

"गेलं," जीप दिसेनाशी झाल्यावर तात्या फेटा सोडत म्हणाले. "कळवतो म्हणले म्हंजे गेलं. आमच्या लेकीच्या, सोनलच्या लग्नाच्या वक्ताला चारी मुलखातनं 'कळवतो' आलं व्हतं."

ते दिवस वाईट गेले. कट्ट्यावर वाद पेटला होता, पोहे खारट झाले म्हणून नकार आला का चालताना पोरगा पाय फेंगडे टाकत होता म्हणून. भागुबाई तिकडं फिरकली नाही. संध्याकाळी मला पुढ्यात घेऊन ओट्यावर बसायची.

"माझ्याच जिभंनं घालवलं बग," एकदा मला म्हणाली. मी काय बोलणार? माझी हवा गेलेली.

आणि एका दुपारी गोकुळची मोटरसायकल गावाच्या बाहेरूनच हॉर्न वाजवत आली. गडी अंगणात उतरायच्या आधीच ओरडला:

"घेतला! बुद्धघोषला घेतला! दहा नंबर!"

भागुबाईनं आधी मला छातीशी धरलं, मग नातवाला, आणि मधे मी चेपलो ते आजतागायत सरळ झालो नाही.

निघायच्या दिवशी सगळं गाव फाट्यावर आलं. एसटी आली, कंडक्टरला घाई, पेटी टपावर चढली. घंटी वाजली तेव्हा लक्षात आलं, मी भागुबाईच्याच हातात राहिलोय. बुद्धघोषनं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले.

"आजे, चेंडू दे! टाक!"

भागुबाई हलली नाही.

"सोड की म्हातारे!" तात्या ओरडले. शकुबाई ओरडली. कंडक्टरसुद्धा ओरडला.

तिनं मला आणखी घट्ट धरलं. डोळ्यातलं पाणी माझ्या कातड्यावर टपटप पडलं, पण आवाज खणखणीत होता.

"तू सोडाय शिकलास, बास झालं! तितं सरकार देईल की चेंडू. घरात कुणीतरी धरून ठिवणारं नगं का?"

एसटी हलली. खिडकीतले दोन हात बराच वेळ तसेच बाहेर होते. मग एक हात हलायला लागला.

पुढं परदेशात सामना झाला. खबर नेहमीप्रमाणे गोकुळनं आणली. देशाची टीम हरली. थोडीथोडकी नाही, अंगावरची माती झटकायलासुद्धा सवड मिळाली नाही इतकी हरली. कट्ट्यावर सुतक पडलं.

भागुबाईनं एवढंच विचारलं, "आपल्यानं दिला का न्हाय?"

"दिला मावशी. दर बारीला दिला. ज्याला दिला त्यो पुढचा गडी पाडायचा."

"मंग पुढच्याला इचारा. माझ्या नातवाचं नाव घ्यायचं न्हाय."

तेव्हापासून गिरणीवर नवा वाद चालू आहे, की पुढचा कोण असावा. तात्यांना अंगानं दांडगा पाहिजे. शकुबाईला वाढपीच पाहिजे.

मी भागुबाईच्या घरात तसबिरीखालच्या फळीवर असतो. टाके उसवलेत, अंगाला सुरकुत्या, भागुबाईला शोभेलसा झालोय. पोरंबाळं बघायला येतात. ती दाखवते, हातात देत नाही. सांजचं दार ओढायच्या आधी मला खाली घेते, पदरानं पुसते, आणि बोलत बोलत तसाच मांडीवर धरून बसते. गोकुळ मधे सायकलचा पंप घेऊन आला होता. बाबांनो, तेवढं करू नका. हवा भरली की मी पुन्हा चेंडू व्हायचो, आणि कुणीतरी "टाक" म्हणायचं.

उभा जन्म ज्याला सगळ्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात मारलं, त्याला एका म्हातारीनं सोडलं नाही. कोंबडीला सांगा, मी बरा आहे.